खबर, शिफारस आणि वशिला

बी. ए. किंवा बी. कॉम. झालेल्या मुलाला आपल्या समाजात एक प्रश्न हमखास विचारला जातो, ‘आता पुढे काय?’ विचारणाऱ्याच्या मनात काही वाईट नसते. पण विचारणाऱ्यांपैकी किती जण पुढचे वाक्य बोलतात? ‘आमच्या ऑफिसात एक जागा निघणार आहे, अर्ज करून ठेव,’ हे ते वाक्य. पहिले वाक्य बोलायला काही लागत नाही. दुसरे बोलायला आठवण लागते, थोडी तसदी लागते आणि क्वचित थोडी जोखीमही असते. या लेखात आम्हाला विचार करायचा आहे तो या न बोललेल्या दुसऱ्या वाक्याचा. एखाद्या रिकाम्या जागेची खबर आपल्याला लागली, तर ती खबर कोणाची? आपली खाजगी मिळकत, जी वाटेल त्याला द्यावी किंवा न द्यावी? की ती आपल्याकडे आलेली अमानत आहे आणि ज्याचा तिच्यावर हक्क आहे त्याच्यापर्यंत पोहोचवणे आपले कर्तव्य आहे?

प्रश्न वरवर लहान वाटतो. पण ज्या घरातला पहिला पदवीधर वर्ष-दोन वर्षे बसून आहे, त्या घराला विचारावे.

आधी हे पाहू की साध्या पदवीवाल्याची अडचण वेगळी का असते. आयटीआयमधून वायरमन झालेल्या मुलाला कोणाच्या दारात जायचे ते ठाऊक असते. डी. फार्म. झालेल्याला औषधांच्या दुकानाचा पत्ता माहीत असतो. त्यांच्या प्रमाणपत्रावरच त्यांच्या कामाचे नाव लिहिलेले असते. बी. ए.च्या पदवीवर इतिहास लिहिलेला असतो, उर्दू लिहिलेले असते, अर्थशास्त्र लिहिलेले असते, पण काम लिहिलेले नसते. ही पदवी एवढेच सांगते की हा मुलगा तीन वर्षे शिकला आणि अजून शिकू शकतो. तो वेळेवर येतो का, हिशेबात चोख आहे का, चार माणसांशी नीट बोलतो का, हे पदवी सांगत नाही. ते कोणीतरी माणसाने सांगावे लागते. म्हणून साध्या पदवीवाल्याला दोन गोष्टींची गरज इतरांपेक्षा जास्त असते. एक, जागा कुठे आहे याची खबर. दुसरी, आपल्याबद्दल खरे बोलणारा साक्षीदार.

खबरेची गोष्ट तर फारच नाजूक. ‘कोणत्याही शाखेचा पदवीधर’ ही अट असलेल्या जागा कमी नाहीत. लोकसेवा आयोगाच्या परीक्षा आहेत, स्टाफ सिलेक्शन कमिशन आहे, रेल्वे आहे, २०११ पासून आयबीपीएसमार्फत होणारी सरकारी बँकांची सामाईक परीक्षा आहे. या सगळ्या जाहीर जागा. तरीही त्यांची खबर वयाची अट उलटून गेल्यावर कानावर आलेली मुले आपल्या वस्त्यांत भेटतात. जाहिरात छापली जाणे आणि ती माणसापर्यंत पोहोचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आणि ज्या जागा कुठेच छापल्या जात नाहीत, म्हणजे गोदामातला हिशेबनीस, दवाखान्याच्या काउंटरवरचा माणूस, वाहतूक कंपनीतला कारकून, त्यांची खबर तर फक्त माणसांच्या तोंडूनच फिरते.

ती कोणाच्या तोंडून फिरते याचा एक चांगला अभ्यास झालेला आहे. अमेरिकेत बोस्टन शहराजवळच्या न्यूटन गावात मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने नोकरी बदललेल्या माणसांना विचारले की तुम्हाला ही नोकरी कशी कळली. १९७४ साली त्यावरचे पुस्तक आले. निम्म्याहून अधिक लोकांना, सुमारे ५६ टक्क्यांना, नोकरी ओळखीतून मिळाली होती. यात नवल नाही. नवल पुढे आहे. ज्यांना ओळखीतून मिळाली, त्यांपैकी खबर देणाऱ्या माणसाला वरचेवर भेटणारे होते फक्त सुमारे १७ टक्के. बाकीच्यांची त्या माणसाशी गाठ अधूनमधून किंवा अगदी क्वचित पडायची. जवळच्या मित्रापेक्षा लांबच्या ओळखीच्या माणसाने जास्त काम केले. २०२२ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात लिंक्डइनच्या दोन कोटी सदस्यांवरचा अभ्यास छापून आला, त्याचाही रोख साधारण हाच होता.

याचे कारण उघड आहे. आपल्या जिगरी दोस्ताला जे माहीत असते ते आपल्यालाही आधीच माहीत असते, कारण दोघे एकाच कट्ट्यावर बसतात. लांबचा ओळखीचा माणूस दुसऱ्या कट्ट्यावर बसतो. तो तिथली खबर आणतो.

आता हे आपल्या वस्त्यांना लावून पाहू. मालेगावात किंवा भिवंडीत एखाद्या मुलाचे वडील, दोन चाचा, मामा आणि सगळे मित्र यंत्रमागावर असतील, तर त्याची माणसे पुष्कळ, पण त्या सगळ्यांकडून खबर एकच येते. मंदी आली की सगळ्यांना एकदमच येते. कोकणात खेड, चिपळूण, श्रीवर्धन, म्हसळ्याच्या घरांतून आखातातली खबर येते, जहाजावरची येते. पण जिल्हा परिषदेतली, बँकेतली, पुण्याच्या कंपनीतली खबर येत नाही. १९९२-९३च्या दंगलींनंतर मुंबईतली कितीतरी कुटुंबे मुंब्र्याला, मीरा रोडला गेली. सुरक्षितता हवी होती, म्हणून गेली; त्यांना कोण दोष देईल? पण घर बदलताना भिंतीपलीकडचे कुलकर्णी मास्तर सुटले, चाळीतले परब सुटले, खालच्या मजल्यावरचे डिसोझा सुटले. त्यांच्याबरोबर त्यांच्या कचेऱ्यांतली खबरही सुटली. वस्ती एकजिनसी झाली की माणसाला आधार मिळतो आणि खबर आटते. हे नुकसान कोणत्याही पंचनाम्यात लिहिले गेले नाही.

सच्चर समितीने २००६ च्या अहवालात दाखवले की वीस वर्षांवरील मुसलमानांत पदवीधर आणि पदविकाधारक मिळून चार टक्क्यांहून कमी होते, देशाच्या एकंदर लोकसंख्येत ते सुमारे सात टक्के होते. हा आकडा आपण सभांतून शिक्षण वाढवा असे सांगण्यासाठी वापरला. ते बरोबरच होते. पण त्याच आकड्याचा दुसरा अर्थ असा की आपल्या पदवीधर मुलाच्या नात्यात आणि शेजारात दुसरा पदवीधर सापडणेच अवघड. म्हणजे जो सापडेल त्याच्यावरचे ओझे दुप्पट.

कुरआनमध्ये सूरह यूसुफ आपण सर्वांनी वाचलेली, ऐकलेली आहे. तिच्यातल्या एका लहानशा पात्राकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. हजरत यूसुफ (अलै.) निरपराध असताना कैदखान्यात आहेत. सोबत दोन तरुण कैदी आहेत. त्यांच्या स्वप्नांचा अर्थ यूसुफ सांगतात. जो सुटणार असे त्यांना वाटते, त्याला ते एवढेच म्हणतात की आपल्या मालकाजवळ माझी आठवण काढ. तो सुटतो, राजाच्या सेवेत रुजू होतो आणि विसरतो. यूसुफ आणखी काही वर्षे कैदेत राहतात. पुढे राजाला स्वप्न पडते, दरबारात कोणाला अर्थ लागत नाही, तेव्हा त्या सोबत्याला आठवण होते.

ही कथा सब्राची म्हणून, पाकदामनीची म्हणून सांगितली जाते आणि ती आहेच. पण तिच्यात नोकरीच्या खबरेची सारी रीत आहे. ओळख सख्ख्या भावांची कामी आली नाही. भावांनी तर विहिरीत टाकले होते. कामी आली कैदेतल्या तात्पुरत्या सोबत्याची ओळख. त्या सोबत्याने खोटे बोलायचे नव्हते, कोणाला डावलायचे नव्हते, फक्त एक नाव घ्यायचे होते. तेवढे न घेतल्यामुळे एका माणसाची वर्षे गेली. आणि त्याने मुद्दाम टाळले असेही कुरआन सांगत नाही. तो विसरला. शैतानाने त्याला विसरायला लावले. सुखात पोचलेल्या माणसाला विसरायला लावण्यासाठी शैतानाला फार कष्ट पडत नाहीत.

विसरले नेमके कोण, याबद्दल मुफस्सिरांत मतभेद आहेत. यूसुफ यांनी अल्लाहऐवजी माणसाला सांगायला नको होते, असे म्हणणारेही आहेत. पण साधनांचा वापर करणे तवक्कुलच्या विरुद्ध नाही, हे बहुतेक उलमा मान्य करतात. शिवाय कथा तिथे संपत नाही. राजाचे बोलावणे आल्यावर यूसुफ लगेच धावत जात नाहीत. आधी आपल्यावरील आरोपाची चौकशी व्हावी असा निरोप पाठवतात. नाव स्वच्छ झाल्यावर राजासमोर येतात आणि स्वतःच म्हणतात की कोठारांचा कारभार माझ्याकडे द्या, मी सांभाळणारा आहे आणि जाणणारा आहे. म्हणजे ओळखीने दरवाजा उघडला, पण आत गेल्यावर त्यांनी पुढे केली ती लायकी. सोबत्याचा माणूस म्हणून त्यांनी जागा मागितली नाही.

इथून आम्हाला तीन गोष्टी वेगळ्या करता येतात. आपण त्या रोजच्या बोलण्यात एकच समजतो आणि सगळा घोटाळा तिथेच होतो.

पहिली गोष्ट खबर. जागा आहे, अमुक तारखेपर्यंत अर्ज करायचा, अमुक कागद लागतात. ही खबर देताना आपण कोणाची हमी देत नाही. ती दहा जणांना दिली तरी तिच्यात खोट येत नाही. दुसरी गोष्ट शिफारस. इथे आपण एका माणसाबद्दल बोलतो, म्हणजे शहादत देतो. शहादतीची अट एकच, जेवढे माहीत तेवढेच सांगायचे. ‘मुलगा प्रामाणिक आहे, पाच वर्षे ओळखतो, इंग्रजी जेमतेम आहे पण शिकेल,’ ही शिफारस झाली. तिसरी गोष्ट वशिला. तिथे जास्त लायक माणूस उभा असताना आपण आपला माणूस पुढे ढकलतो, नात्याच्या जोरावर, जमातीच्या जोरावर किंवा पैशांच्या जोरावर. सूरह निसामध्ये चांगल्या शिफारशीत शिफारस करणाऱ्याला वाटा मिळेल आणि वाईट शिफारशीतही त्याला वाटा उचलावा लागेल, असा आशय आला आहे. दोन्हीकडे शब्द शिफारशीचाच आहे, फळ मात्र वेगळे आहे. म्हणून ‘आम्ही कोणाची शिफारसच करीत नाही’ असे अभिमानाने सांगणारा माणूस वाईट शिफारशीतून वाचतो हे खरे, पण चांगल्या शिफारशीचे काय? ती न करणे ही इमानदारी कशी होईल?

खबर सर्वांची आहे हा विचार केवळ धर्माचा नाही, कायद्याचाही आहे. १९५९ साली संसदेने केलेल्या कायद्याने सरकारी आस्थापनांवर आणि पंचवीस किंवा अधिक कामगार असलेल्या खाजगी आस्थापनांवर रिकाम्या जागा सेवायोजन कार्यालयाला कळवण्याचे बंधन घातले. गंमत अशी की नेमणूक त्याच कार्यालयाने पाठवलेल्या उमेदवारांतून करा, असे बंधन त्या कायद्याने घातले नव्हते. कळवणे सक्तीचे होते, निवडणे मालकाकडे होते. खबर आणि निवड यांतला फरक कायद्यानेही ओळखला होता. पुढे १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की सरकारी भरतीत केवळ सेवायोजन कार्यालयाची यादी पुरेशी नाही, वृत्तपत्रांतूनही जाहिरात द्यावी, म्हणजे सर्व पात्र उमेदवारांना संधी मिळेल. संविधानाच्या सोळाव्या कलमातली समान संधी जाहिरातीच्या कागदापासूनच सुरू होते. ज्याला कळलेच नाही त्याला समान संधी मिळाली, असे म्हणता येत नाही.

यावर एक आक्षेप येईल आणि तो हलका नाही. कोणी म्हणेल, तराजू आधीच झुकलेला असताना तुम्ही आम्हाला न्यायाचे धडे कसले देता? २००७ साली ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’मध्ये सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांचा एक अभ्यास आला. त्यांनी वृत्तपत्रांतल्या ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज पाठवले. पात्रता सारखी, नावे वेगळी. काही उच्चवर्णीय हिंदू, काही दलित, काही मुस्लिम. पुढच्या पायरीवर बोलावणे येण्याच्या शक्यतेचे गुणोत्तर उच्चवर्णीय नावाशी तुलना करता दलित नावासाठी ०.६७ आणि मुस्लिम नावासाठी ०.३३ निघाले. म्हणजे आमचा मुलगा लायक असूनही नावापाशीच अडतो. मग आम्ही आमच्या माणसाला थोडे ढकलले, तर तो वशिला म्हणायचा की झुकलेला तराजू सरळ करणे?

आमचे उत्तर असे. लायक मुलाला दारापर्यंत नेणे, त्याचा अर्ज वाचला जावा म्हणून ओळखीच्या अधिकाऱ्याला आठवण करणे, त्याच्याबद्दल खरी साक्ष देणे, हे तराजू सरळ करणेच आहे आणि ते संकोच न करता करावे. नावाकडे पाहून कागद बाजूला ठेवणाऱ्याला कोणीतरी सांगायलाच हवे की हा माणूस मी पाहिलेला आहे. पण जो लायक नाही त्याला ‘आपला’ म्हणून ढकलणे हे तराजू सरळ करणे नव्हे, दुसऱ्या पारड्यात हात घालणे आहे. आणि त्याचा पहिला फटका बसतो तो पुढच्या आपल्याच मुलाला. एका खोट्या शिफारशीनंतर मालक पुढच्या दहा खऱ्या शिफारशींवर विश्वास ठेवत नाही.

याहून कठीण परीक्षा होते ती आपण स्वतः निवडणारे असतो तेव्हा. संविधानाच्या तिसाव्या कलमाने अल्पसंख्याकांना आपल्या शिक्षणसंस्था स्थापन करण्याचा आणि चालवण्याचा हक्क दिला. हा हक्क मोठा आहे आणि तो जपलाच पाहिजे. पण आम्ही उर्दू शाळेत शिकवतो, म्हणून सांगणे भाग आहे की काही संस्थांत शिक्षकाची जागा निघाली की ‘किती देणार?’ हा प्रश्न आधी येतो, ‘कोणाचा?’ हा दुसरा येतो आणि ‘शिकवता येते का?’ हा तिसरा येतो किंवा येतच नाही. बी. ए., बी. एड. झालेली गरीब घरची मुले अशा दारांवरून परत गेलेली आहेत. तिकडे कोणी आपले नाव पाहून अर्ज फेकला की आपण अन्याय म्हणतो आणि इकडे आपणच जमात पाहून, बिरादरी पाहून अर्ज फेकतो. दोन्ही अन्याय सारख्या वजनाचे नसतील. पण बाहेरच्या अन्यायाविरुद्ध बोलण्याचा आपला आवाज आतल्या अन्यायाने बसतो. शिवाय या सौद्याची किंमत कोण देते? वर्गातली साठ मुले देतात, दहा-वीस वर्षे देतात.

हजरत अबू जर (रजि.) हे पैगंबर मुहम्मद (स.) यांचे किती लाडके सहाबी होते, हे सर्वांना ठाऊक आहे. त्यांनी एकदा पद मागितले. सहीह मुस्लिममधली ही रिवायत आहे. पैगंबरांनी त्यांच्या खांद्यावर थोपटले आणि सांगितले की तू दुर्बल आहेस आणि हे पद अमानत आहे. प्रेम होते म्हणून खांद्यावर हात ठेवला, अमानत होती म्हणून पद दिले नाही. हजरत उमर (रजि.) यांनी आपल्यामागून खलीफा निवडण्यासाठी सहा जण नेमले, तेव्हा पुत्र अब्दुल्लाह यांना सल्ल्यासाठी बसू दिले, पण उमेदवार होऊ दिले नाही. नाते तोडले नाही आणि नात्याला खुर्चीही दिली नाही.

खबरेचा धंदा हाही एक वेगळा विषय आहे. आखातातल्या नोकरीची नुसती खबर देण्याचे, व्हिसा ‘लावून’ देण्याचे पैसे घेणारी माणसे आपल्यातच आहेत. सरकारकडे नोंदलेला एजंट नियमाप्रमाणे सेवाशुल्क घेतो ती गोष्ट निराळी. पण गावच्या मुलाने आईचे दागिने गहाण ठेवून एका चिठ्ठीची किंमत मोजावी, हे कसले नाते? शिफारशीबद्दल भेट घेण्याला अबू दाऊद यांच्या संग्रहातील एका हदीसमध्ये व्याजाच्या दरवाजाशी जोडले आहे. इतका कठोर शब्द का, ते गहाण पडलेले दागिने पाहिले की कळते.

आता दुसऱ्या बाजूला वळू, जो शोधतो आहे त्याच्याकडे. आपल्याकडे खुद्दारीचा एक चुकीचा अर्थ रूढ आहे. शिकलेल्या मुलाला वाटते, कोणाला नोकरीचे विचारणे म्हणजे हात पसरणे. एक अन्सारी सहाबी मागायला आले, तेव्हा पैगंबरांनी त्यांच्या घरातली चादर आणि प्याला मागवून दोन दिरहमला लिलाव केला, एका दिरहमचे घरी अन्न पाठवायला सांगितले आणि दुसऱ्यातून कुऱ्हाड आणवून लाकडे तोडायला धाडले. ही हदीस भीक मागण्याच्या विरुद्ध म्हणून सांगतात. पण तिच्यात दुसरेही काही आहे. त्या माणसाला कामाची वाट कोणीतरी दाखवली. त्याने पाहिली आणि तो चालू लागला. खबर विचारणे ही भीक नव्हे. ‘मला नोकरी द्या’ आणि ‘आपल्या क्षेत्रात माझ्यासारख्याला काय करता येते, कुठे अर्ज करावा’ या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्याने समोरचा माणूस संकोचतो, दुसऱ्याने बोलू लागतो. हजरत यूसुफ यांनी विचारले, मग आपली खुद्दारी त्यांच्याहून मोठी आहे काय?

आणि विचारायचे कोणाला? वर सांगितल्याप्रमाणे, लांबच्या माणसाला. कॉलेजातल्या प्राध्यापकांना, ग्रंथपालांना, आधी पास झालेल्या मुलांना, वडील ज्यांच्याकडे माल पोचवतात त्या दुकानदाराला, जुन्या चाळीतल्या परबांना. इथे मराठीचे महत्त्व येते. उर्दू माध्यमातून शिकलेल्या मुलांना आम्ही नेहमी सांगतो की मराठी केवळ पास होण्याचा विषय नाही. तालुक्याच्या कचेरीतली खबर मराठीत फिरते, सूचनाफलक मराठीत असतो, शेजारच्या गावचा ओळखीचा माणूस मराठीत बोलतो. घरात उर्दू असो की कोकणी की दखनी, दुसऱ्या कट्ट्यावर बसायचे तर मराठीत बसावे लागते. या वार्षिकाच्या वाचकांना हे वेगळे सांगायला नकोच.

एक बाब मात्र वेगळी सांगायला हवी. आपल्याकडे खबर फिरते कुठे? चहाच्या टपरीवर, मशिदीच्या पायऱ्यांवर, निकाहच्या मंडपात पुरुषांच्या बाजूला. या ठिकाणी मुली नसतात. आमच्या वर्गात सर्वांत मेहनतीने शिकणाऱ्या मुली पदवीधर होतात आणि पहिल्यापेक्षा अधिक एकट्या पडतात. भाऊ टपरीवरून खबर आणतो ती स्वतःसाठी. बहिणीला लायब्ररीतली, बँकेतली, शाळेतली जागा कळत नाही, कारण तिला सांगणारे कोणी नाही. मग आपणच म्हणतो, मुलींना शिकवून काय उपयोग, नोकरी कुठे लागते? आधी खबर रोखायची आणि मग शिक्षणाला दोष द्यायचा, हा न्याय नव्हे. खबर अमानत असेल तर घरातल्या मुलीचा तिच्यावर तेवढाच हक्क आहे.

उरतो एक अवघड प्रश्न. दोन मित्र एकाच जागेसाठी धडपडत आहेत. एकाला खबर लागली. त्याने दुसऱ्याला सांगावी का? सांगितली तर आपलीच संधी जाऊ शकते. इथे फर्ज आणि एहसान यांतला फरक करावा लागेल, असे आम्हाला वाटते. मित्रासाठी स्वतःचा अर्ज मागे घेणे हे ईसार आहे, फार मोठी गोष्ट आहे, पण ती कोणाकडून मागता येत नाही. मित्राने विचारल्यावर ‘काही नाही निघाले’ असे खोटे सांगणे हे मात्र सरळ सरळ हराम आहे. या दोहोंच्या मधे गप्प राहण्याची जागा आहे. तिथे उभा असलेल्याला आम्ही गुन्हेगार म्हणणार नाही. पण रिज्क अल्लाहच्या हाती आहे असे आपण रोज म्हणतो. ते खरे मानणाऱ्याला एका जाहिरातीचे कात्रण मित्राला दाखवताना इतके भय का वाटावे? आपली लायकी कमी पडली तर मित्र नसला तरी तिसरा कोणी जागा घेऊन जाणारच आहे. आणि आज ज्याला सांगितले, तो उद्या दुसऱ्या कट्ट्यावर बसलेला असेल.

हे सगळे करायला मोठी योजना लागत नाही. आम्हा शिक्षकांपुरते बोलायचे तर शाळा सोडून गेलेल्या मुलामुलींची एक वही ठेवता येते. कोण कुठे काम करतो आणि कोण शोधात आहे, एवढेच तिच्यात लिहायचे. जमातखान्याच्या भिंतीवर एक फळा लावता येतो आणि दर जुम्याला त्यावर नव्या जाहिराती, शेवटच्या तारखा लिहिता येतात. फळा बायकांनाही दिसेल अशा जागी हवा. कचेरीत काम करणाऱ्याने महिन्यातून एकदा आठवावे की गेल्या महिन्यात मला ‘आता पुढे काय’ म्हणून मी कोणाला विचारले होते. साक्ष देण्याची भीती वाटत असेल तर देऊ नये, खबर तरी द्यावी. तिला जामीन लागत नाही.

जे शिकून, नोकरी लागून, वस्तीतून बाहेर पडले त्यांच्यावर आमचा राग नाही. त्यांनी बाहेर पडावे म्हणूनच तर आपण शाळा काढल्या. त्यांना एवढेच सांगणे आहे की मागे राहिलेल्यांना तुमच्याकडून वशिला नको आहे. कैदेतून सुटलेल्या त्या सोबत्याला राजाचे मन वळवायचे नव्हते, कैदखान्याची भिंतही फोडायची नव्हती. योग्य वेळी, योग्य ठिकाणी, एका लायक माणसाचे नाव घ्यायचे होते. त्याला ते आठवले, पण काही वर्षे उशिरा. आपल्या मुलांना वयाची अट असते.